पाचोळ्याचा धूर

फार फार वर्षांपूर्वी, राजे गडावर राहत आणि बाकीची माणसं गडाखाली, त्या काळची ही गोष्ट. एका गडाच्या पायथ्याशी एक पेठ होती. पेठेतली सगळी घरं राजाच्या मालकीची. लोहार, शिंपी, बुरूड, हमाल सगळे त्या घरांत भाड्यानं राहायचे आणि सुखात असायचे. निदान पूर्वी तरी असायचे.

मग डोंगरातून नवा घाट निघाला. घाटानं बैलांचे तांडे आले, तांड्यांबरोबर व्यापारी आले आणि व्यापाऱ्यांना माल ठेवायला जागा हवी झाली. जागा महागली. जागेमागून ज्वारी महागली, ज्वारीमागून तेल, आणि शेवटी मीठसुद्धा. पेठेतली घरं काटकसरीला लागली. कुणी मधल्या भिंतीला भोक पाडून दोन घरांत मिळून एकच दिवा लावला. कुणी डाळीत पाणी वाढवलं आणि वर 'आम्हाला पातळच आवडते' असं म्हणायला सुरुवात केली. कुणी आपला माळा तांडेवाल्यांना दिला आणि स्वतः अंगणात पथारी टाकली. पोटाला चिमटा काढून भाडं मात्र सगळे वेळेवर भरत होते.

आता या पेठेची एक रीत ऐका, कारण सगळा घोळ तिथेच आहे. राजाच्या आजोबांनी, फार दयाळू होते म्हणे ते, एक नियम करून ठेवला होता. गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी कारभाऱ्यानं गडाच्या बुरुजावर उभं राहायचं आणि पेठेतल्या घराघरांतून निघणारा धूर बघायचा. ज्या घरातून धूर निघाला ते घर दोन्ही वेळा जेवतं, असं धरून त्याचं भाडं वाढवायचं. ज्या घरातून निघाला नाही, त्याचं वाढवायचं नाही. निम्म्याहून जास्त घरं थंड दिसली, तर साऱ्या पेठेचं भाडं उतरवायचं. मात्र कुणी लबाडी करू नये म्हणून थंड घराची झडती घ्यायची, आणि आत दाणागोटा सापडला तर ते घर खाली करून घ्यायचं.

नियमात काही खोट नव्हती, पण माणसं पडली अब्रूला जपणारी. आपली चूल पेटत नाही हे चारचौघांत दाखवायचं कुणी? तसल्या घरात मुलगी कोण देणार? त्यामुळे दरवर्षी झाडून सगळ्या घरांतून धूर निघायचा. कारभारी गुडघे चोळत बुरुजावरून उतरायचा, "महाराज, पेठ सुखात आहे," असं सांगायचा आणि पाडव्याला भाडं चढायचं.

याच पेठेत येसू नावाची एक बाई राहत होती. ती पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून विकायची. नवरा घाटात मिठाच्या गोण्या वाहायचा आणि आठ-आठ दिवस घरी नसायचा. घरी म्हातारी सासू आणि तीन लेकरं. यंदा भाडं चढलं तर हे घर सुटणार, हे येसूला स्वच्छ दिसत होतं. विकण्यासारखं शेवटचं पातेलं मागच्या पाडव्यालाच गेलं होतं.

घराला गिऱ्हाईकही तयार होतं. चार दिवसांपूर्वी एक गुळाचा व्यापारी आला आणि लेकरं जेवत असताना त्यांच्या ताटांवरून ढांगा टाकत काठीनं घर मोजून गेला. "ही चूल तेवढी उकरून काढली की दहा ढेपा जास्त बसतील," असं जाता जाता म्हणाला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारची लोहारीण टोपलं घेऊन आली. "येसू, पानांची देठं, चुरा, काय असंल ते दे गं. शेळीखाली अंथरायला पायजे."

येसूनं टोपलं भरून पाचोळा दिला. थोड्या वेळानं शिंपीण आली. तिला मच्छर हाकलायला धूर करायचा होता. मग बुरडीण आली, तिला म्हणे अळूच्या वाफ्यात घालायला हवा होता. येसूनं कुणालाच नाही म्हटलं नाही. स्वतःपुरता एक ढीग तेवढा राखून ठेवला, कारण गेली दोन वर्षं तीही पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तेच करत होती. रिकाम्या चुलीत पाचोळा जाळत होती.

ऊन उतरलं तशी ती परसात आली. लोहाराच्या घरातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत होता. शिंप्याच्या घरातूनही तसाच. तिनं लांब श्वास घेतला. पेठभर पळसाच्या पानांचा वास होता. फोडणीचा वास कुठेच नव्हता, भाजलेल्या भाकरीचाही नव्हता. आणि लोहारणीची शेळी तर दिवाळीतच विकली गेली होती! आपण एकट्याच उपाशी आहोत या लाजेनं ती दोन वर्षं मान खाली घालून चालत होती, आणि इथे पेठच्या पेठ उपाशी होती.

ती धावत लोहारणीच्या दारात गेली. "काकी, शेळी कुठं हाय?"

लोहारीण चपापली. "चरायला गेलीया."

"काकी, माझ्याबी चुलीवर काय न्हाई. तुमच्याबी न्हाई. आपण समद्यांनी आज चुली इझवल्या तर भाडं उतरंल. नियमच हाय तसा."

"हळू बोल!" लोहारीण तिचा हात दाबत म्हणाली. "उद्या माझ्या पोरीला बघायला पाव्हणे यायचेत. पोरीच्या नशिबाशी खेळू नगंस. जा घरी." आणि तिनं दार लावून घेतलं.

येसू घरी आली. दिवस डोंगराला टेकला होता. सासू पाचोळा चुलीत सारून फुंकणी शोधत होती. येसूनं तांब्या उचलला आणि चुलीत पाणी ओतलं.

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, काय केलंस हे? साऱ्या पेठंत आपलीच चूल थंड! माझ्या लेकाला तोंड दाखवाया जागा ठेवली न्हाईस."

"आत्याबाई, तोंड लपवत राह्यलो तर उद्या डोक्यावर छप्पर ऱ्हाणार न्हाई," येसू म्हणाली. आपण एकट्यांनीच हे केलं, आता काय होईल ते होवो, असं म्हणून ती उंबऱ्यावर बसून राहिली.

व्हायचं ते फार लवकर झालं. शिपायांना घेऊन कारभारी आला. मागून अर्धी पेठ आली आणि गर्दीतून वाट काढत तो गुळाचा व्यापारीही आला, काठीसकट.

"साऱ्या पेठेत तू एकटीच उपाशी?" कारभारी म्हणाला. "घ्या रे झडती."

शिपायांनी कणग्या उलट्या केल्या, उतरंडी उतरवल्या. शेवटच्या मडक्यात एकाचा हात गेला तो पांढरा होऊन बाहेर आला. "सरकार, पीठ आहे."

"सकाळच्या दोन भाकरींचं हाय," येसू म्हणाली. "घरात माणसं पाच. इतकंच हाय, सरकार."

"दोन भाकरींसाठी चूल पेटते ना? मग धूर का काढला नाहीस? ही लबाडी झाली. सकाळी घर खाली कर." व्यापाऱ्यानं लगेच काठी टेकून दाराची रुंदी बघायला घेतली.

येसूनं गर्दीकडे पाहिलं. लोहारीण पुढेच उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. 'हिच्या चुलीवर काय आहे ते बघा,' एवढं म्हटलं असतं तर कारभाऱ्याला तिच्या घरात जावं लागलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण लोहारणीच्या मागे तिची मुलगी उभी होती, तिच्या हातांवर उद्यासाठी काढलेली मेंदी अजून ओली होती. येसूनं ओठ घट्ट मिटले आणि ती लेकरांची अंथरुणं गोळा करायला आत वळली.

बाहेर म्हातारी सासू हुंदके देत होती.

"थांबा, सरकार." लोहारणीचा आवाज फुटला. "माझी शेळी दिवाळीतच इकली. माझ्या चुलीत पाचोळा जळतोय नुसता, वर तवाबी न्हाई. तिच्याकडं मूठभर पीठ तरी हाय, माझ्याकडं तेवढंबी न्हाई. चला, या माझ्या घरात."

मुलीनं आईचा दंड धरला. आईनं तो सोडवला नाही, पण शब्दही मागे घेतला नाही.

मग शिंपीण म्हणाली, "माझ्याबी." बुरुडानं घरी जाऊन चुलीवर घागर पालथी केली. एकेक करत माणसं घराकडे पळाली. बघता बघता पेठेवरचा धूर विरत गेला. गडावर राजा सज्जात उभा होता. आत्तापर्यंत धुरानं भरलेली पेठ एकाएकी मेल्यासारखी का झाली, म्हणून तो घाबरून घोड्यावर बसला आणि खाली आला.

तो दारोदार फिरला. कुठे चुलीत ओला पाचोळा होता, कुठे नुसती ओली राख. येसूच्या दारात शिपायानं पिठाचं मडकं दाखवलं. राजानं ते हातात घेऊन पाहिलं. कारभाऱ्याला विचारलं, "बुरुजावरून खाली येऊन तू किती वेळा पाहिलंस?"

राजानं नियमाप्रमाणे साऱ्या पेठेचं भाडं उतरवलं. मूठभर पीठ म्हणजे दाणागोटा नव्हे, असं म्हणून येसूचं घर येसूकडेच ठेवलं. व्यापाऱ्याला घाटापलीकडे जागा शोधायला सांगितलं आणि कारभाऱ्यानं यापुढे धूर बघायचा नाही, घराघरांत जाऊन पानात काय वाढलंय ते बघायचं, असं ठरलं.

आता खोटं कशाला सांगू, सगळंच काही गोड झालं नाही. लोहारणीच्या मुलीची ती सोयरीक मोडली. मुलगी महिनाभर आईशी बोलली नाही. ज्वारीही स्वस्त झाली नाही. पण चार-चार घरांनी मिळून एक चूल मांडली, एकाचं पीठ, दुसऱ्याची डाळ, तिसऱ्याचं सरपण, आणि संध्याकाळी पेठेत पुन्हा फोडणीचा वास यायला लागला.

तर लहानांनो आणि लहानांच्या आईबापांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: जी ओढाताण प्रत्येक घर शेजाऱ्यापासून लपवतं, ती कुणाचीच कधी कमी होत नाही.