थंड विस्तवाचे राज्य

एका राज्यात, जिथे वर्षाचे सात महिने बर्फ आणि उरलेले पाच महिने चिखल, तिथे योर्दिस नावाची एक बाई सांबरशिंगाच्या फण्या करीत असे. फण्या नामी असत, पण बाईला एक खोड होती. जुन्या उंबरठ्यावर, ताकाच्या रवीवर, मोडक्या होडीवर काटक्यांसारख्या रेघा कोरलेल्या दिसल्या की ती थांबे, त्यांवरून बोट फिरवी आणि विचारी, "हे काय लिहिले आहे?" कुणालाच ठाऊक नसे. पणजोबांचे देव गेले, तशी त्यांची अक्षरेही गेली होती.

योर्दिसने मात्र म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मागे लागून चोवीस खुणा आणि त्यांचे उच्चार गोळा केले. दर पंधरवड्याला ती गावाबाहेरच्या महावृक्षाच्या मुळाशी वाटीभर मधाचे मद्य ओती आणि जुन्या देवांना म्हणे, "ऐकता की नाही, ठाऊक नाही. ऐकत असाल तर बरे होईल." लोक हसत. ती हसणाऱ्यांनाच विचारी, "तुमच्या आजीकडे एखादी खूण होती का हो?"

त्या वर्षी पानगळीत म्हातारा राजा वारला आणि त्याच दिवशी राज्यातला विस्तव थंड झाला. जाळ दिसे, धूर निघे, ऊब मात्र नाही. पेज शिजेना, लोखंड तापेना. आया तान्ह्या मुलांना उराशी धरून बसत. बर्फ पडायला जेमतेम महिना उरला होता. नव्या राजाने, ओडमुंडाने, मांत्रिक बोलावले, ते मंत्र म्हणता म्हणता स्वतःच कुडकुडू लागले. शेवटी त्याने योर्दिसला बोलावले.

"बाई, दलदलीच्या काठी जुन्या देवांची एक शिळा आहे," राजा तिकडे हात लांबवून म्हणाला. बाहीतून रुंद सोन्याचे कडे चमकले. "तीवर तीन खुणा आहेत. वाचाल?"

"उच्चार येतील, महाराज. अर्थ येत नाही."

"मग अर्थ शोधा."

योर्दिस तिथे पोचली तेव्हा शिळेवर एक म्हातारी डोमकावळी बसली होती. ती बोलत असे.

"पहिली खूण काय म्हणते?"

"नौद."

"म्हणजे?"

"माहीत नाही."

"खरे बोललीस. तीन दिवस इथे उपाशी बस. मग विचारते."

योर्दिस बसली. पहिल्या दिवशी तिला भाकरी आठवली, दुसऱ्या दिवशी फक्त ऊब. तिसऱ्या दिवशी ती खुणेकडे बघत राहिली. एक उभी काठी आणि तिला आडवी आलेली दुसरी.

"गरज," ती म्हणाली. "माणूस जिथे अडतो ती जागा."

"कोर. रंगव. उच्चार कर."

तिने डहाळीवर खूण कोरली, बोटाला टोचून घेऊन ती रक्ताने भरली आणि मोठ्याने म्हटली. डहाळीने पेट घेतला.

"दुसरी?" डोमकावळीने विचारले.

"केन. अर्थ माहीत नाही."

"हा जाळ घेऊन दलदलीत जा. तोच सांगेल."

भर दुपारी दलदलीवर धुके होते. योर्दिसने तो थंड जाळ उघड्या तळहातावर धरला. धुके पाचर ठोकल्यासारखे फाटत गेले आणि आत जुन्या देवांचे लाकडी खांब दिसले. त्यांच्या पायाशी लोकांनी वाहिलेल्या ढाली, मणी, वाट्या होत्या. सर्वांत उंच देवाच्या दंडावर खाच होती, कड्याची. कडे मात्र नव्हते. तसे रुंद सोन्याचे कडे तिने पाहिले होते, शिळेची दिशा दाखवणाऱ्या राजाच्या हातात.

"मशाल," ती परत येऊन म्हणाली. "आणि तिसरी गेब. या तर नुसत्या एकमेकींवर आडव्या पडलेल्या दोन काठ्या!"

"ती इथे कळायची नाही. राजवाड्यात जा," डोमकावळी म्हणाली.

राजाने तिचे सगळे ऐकून घेतले आणि बाही वर केली. हात काळानिळा झाला होता.

"कडे वडिलांनी दलदलीतून आणले. मरताना माझ्या हातात घातले आणि त्याच दिवशी विस्तव थंडावला. मला संशय होता, बाई. चरबी लावली, लोहाराला बोलावले. निघत नाही."

योर्दिसला नवल वाटले. "महाराज, रागावू नका. मनापासून काढायचे होते का?"

राजाने बाही पुन्हा खाली ओढली. मग म्हणाला, "त्यांनी मला उभ्या जन्मात दिलेली ही एकच वस्तू. कधी शाबास म्हणाले नाहीत. हे दिले की त्यांचे माझ्यापाशी काय उरते?"

योर्दिसने कमरेची सुरी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. "नाव काय त्यांचे?"

"सिगवार."

"कोरा. मी खुणा दाखवते."

सकाळभर राजा लाकूड कोरीत बसला. दोनदा बोट कापले. शेवटचे अक्षर उलटे आले.

"चुकले."

"वाचता येते. पुरे."

राजाने रेघांत आपलेच रक्त भरले, त्यांवरून बोट फिरवले आणि वडिलांचे नाव मोठ्याने उच्चारले. तो लहान मुलासारखा रडला. रडता रडता त्याने बघितले, तर कडे मनगटापर्यंत घसरले होते. कुणी हात लावला नव्हता.

"गेब म्हणजे देणे!" योर्दिस ओरडली. "एक काठी इकडून, एक तिकडून. घेतलेले तिथेच थांबले की खूण मोडते!"

दोघे तसेच दलदलीत गेले. राजाने स्वतः कडे देवाच्या दंडात चढवले, योर्दिसने खाली मद्य ओतले. डोमकावळी म्हणाली, "उशीर केलात," आणि उडून गेली.

राजवाड्यात सगळे चुलीभोवती जमले. पुढे व्हायची कुणाची छाती होईना. तेव्हा राजाने जाळात हात घातला.

"अगं आई गं!"

राजा बोट तोंडात घालून नाचू लागला. मग आचारीण हसली, पहारेकरी हसले, बघता बघता सारा वाडा हसू लागला आणि त्या गलक्यात मागे पेजेला पहिली उकळी फुटली.

राजाच्या बोटाला फोड आला, राज्यात घरोघरी ऊब आली. ज्यांनी ही कथा सांगितली आणि ज्यांनी ऐकली, त्यांच्याही चुली तशाच धगधगत राहोत.