माहेरवाशिणींची नदी

उत्तरेच्या थंड समुद्रकाठी हिमतीर नगरावर तुषारकेतू राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व श्वेतोदा नदीवरच्या कोळ्यांच्या कुळात जन्मला होता. सुतीर हे त्याचे नाव. वडिलांमागून वस्तीचे मुखियापण त्याच्याकडे आले होते.

त्या नदीतले मासे लहानपणीच समुद्रात जात आणि चार वर्षांनी अंगाने भरून, अंडी घालायला जन्मल्या नदीत परतत. म्हणून कोळी त्यांना माहेरवाशिणी म्हणत. पहिली माहेरवाशीण राजाने ओल्या वस्त्रात घ्यावी, स्वतःच्या हातांनी धबधब्यापलीकडे सोडावी आणि मगच कोळ्यांनी जाळी टाकावी, असा तिथला कुळाचार होता.

पुढे पूर्णक नावाच्या श्रेष्ठीने नदीच्या मुखाशी जाळ्यांचे प्रचंड पिंजरे बांधले आणि त्यांत हेच मासे दाटीवाटीने पोसले. राजाच्या ताटात बारमाही मासा येऊ लागला. राजा नदीवर येईनासा झाला. अमात्याला धाडू लागला. इकडे पिंजऱ्यांतल्या दाटीत माशांना उवा झाल्या. समुद्राकडे निघालेली नदीची पिल्ले त्या पिंजऱ्यांजवळूनच जात आणि उवांनी कुरतडल्यामुळे वाटेतच मरत. चार वर्षांत नदी ओस पडली.

सुतीर पूर्णकाकडे गेला. श्रेष्ठी हसून म्हणाला, "मुखिया, तुझी नदी म्हातारी झाली. भाकड गाईखाली किती दिवस चरवी धरून बसशील? माझ्या पिंजऱ्यांची राखण कर. रोज दोन टोपल्या मासे घेऊन जा."

सुतीर नमस्कार करून घरी आला. मासे धुरावण्याच्या झोपडीपाशी त्याची थोरली बहीण मेखला थंड राख उकरीत बसली होती.

"काय म्हणाला तुझा श्रेष्ठी?"

"राखणदार हो म्हणाला, ताई."

"मग हो की! चोराच्या दारी कुत्र्याचीही सोय होते. वस्तीत चुली पेटत नाहीत, आणि मुखिया नमस्कार करून परत येतो. बाबा असते तर कोयता घेऊन गेले असते."

तो शब्द सुतीरच्या काळजात रुतला. दुपारच्या भरतीला कोयता घेऊन त्याने होडी लोटली. पिंजऱ्याची मुख्य दोरी मुठीत धरली आणि पहिला पीळ तोडला. इतक्यात एक मासा जाळ्याला घासत वर आला. त्याची कूस हाडापर्यंत खाल्लेली होती आणि जखमेत उवा वळवळत होत्या. त्यामागे तसेच हजारो. जाळे सुटले, तर गोड्या पाण्याच्या वासाने हे सगळे नदीत शिरतील, अंडी घालायच्या वाळूपर्यंत पोचतील. पूर्णकाला चार वर्षांत जे पुरते साधले नव्हते, ते सुतीर एका दुपारी करून मोकळा झाला असता.

त्याचा राग ओसरला नाही. तो रास्तच होता. पण सुतीरने तुटलेला पीळ पुन्हा बांधला. जन्मभर मारलेल्या गाठींत वैऱ्याच्या दोरीची तेवढी एकच गाठ त्याला जड गेली.

दुसऱ्या दिवशी तो राजसभेत उभा राहिला. "महाराज, पहिली माहेरवाशीण आली आहे. चलावे."

"अमात्य येतील," राजा म्हणाला.

"चार वर्षे अमात्यच येतात, आणि चार वर्षे नदी मरते आहे. महाराजांना आपल्याच नदीची वाट आठवत नसेल, तर मी दाखवतो."

राजा ओशाळला आणि निघाला. नदीच्या मुखाशी, पिंजऱ्यांजवळच, सुतीरने ओल्या वस्त्रातली माहेरवाशीण त्याच्या हातांवर ठेवली. माशाच्या अंगावरच्या उवा राजाच्या मनगटावर चढल्या.

पिंजऱ्यांवरून धावत आलेला पूर्णक घाईने म्हणाला, "नदीच सडली आहे, महाराज!"

"मग पिंजऱ्यातलाही एक मासा महाराजांनी हाताने काढावा," सुतीर म्हणाला. "वरचा नको, तळाचा."

पिंजऱ्याचे जाळे वर ओढले. तळाशी कुजक्या माशांचा थर होता. आपण काय खात आलो, हे राजाला कळले. त्याने तलवार उपसली. "बुडवा या अधमाला इथेच!"

"बुडवा!" काठावरून मेखला ओरडली.

तोच शब्द सुतीरच्याही ओठांवर आला होता. तो गिळून सुतीर म्हणाला, "महाराज, माझा राग तुमच्याहून जुना आहे. पण हा बुडाला, तर ही घाण उपसायची कोणी? नदीला ज्यांचे पाणी मिळणार नाही अशी तळी याने दूर खणावीत आणि आपला मासा न् मासा टोपलीने स्वतः वाहून न्यावा. आणि महाराज, चार वर्षे आपण आला नाहीत. त्यासाठी तलवार कोणावर उचलायची?"

राजाने तलवार म्यान केली. खाली बसून त्याने त्या माहेरवाशिणीच्या अंगावरची एकेक ऊ वेचली, आणि तिला घेऊन तो अनवाणी धबधबा चढला.

पूर्णक हिवाळाभर टोपल्या वाहत राहिला. चार वर्षांनी श्वेतोदेत पुन्हा माशांच्या पाठींना पाठी घासू लागल्या. झोपडीत धूर करताना मेखला भावाला म्हणाली, "त्या दोरीवरची गाठ मी पाहिली होती. तशी गाठ आपल्याच घरात मारतात." एवढे बोलून तिने डोळे पुसले, धुराचे निमित्त होतेच.

विहारातल्या भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराचे पाणी आपल्या मळ्याकडे वळवणारा आजचा गृहपती तेव्हा पूर्णक होता. त्याकडे डोळेझाक करणारा नगरपाल तेव्हाचा राजा. त्या गृहपतीचा पाट फोडायला आज सकाळी कुदळ घेऊन निघालेला हा भिक्षू उत्तरक म्हणजेच मेखला. आणि सुतीर मीच होतो. राग धगधगत असताना ज्या बळाने ती गाठ बसली, त्या बळाला क्षांती म्हणतात."