हललं कोण?

"मग हललं कोण?" मास्तरांनी विचारलं.

टेबलावर फोटो पडला होता. दिवाळीत जयवंतनं काढलेला, हिरेमठ मास्तरांचा. फोटो कसला, धुकंच ते. चष्म्याला दुहेरी कडा, मिशी पिंजलेल्या कापसासारखी.

 उत्तर जयवंतच्या समोरच होतं. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. कंपवातानं त्यांना पुरतं धरलं होतं. पण ज्यांनी आपल्याला कॅमेरा धरायला शिकवलं, त्यांना हे तोंडावर कसं सांगायचं?

"कॅमेरा भारी आहे, मास्तर. स्टँड तर दोघांनी उचलावा लागतो. तो काही हलायचा नाही."

"म्हणजे मी हललो."

जयवंत उगाच स्टँडचा स्क्रू पिळू लागला.

"बोल की. लाजतोस कशाला?"

"थोडे... हलला असाल."

मास्तर हसले. उद्या ते मिरज सोडून मुलीकडे इंदूरला निघणार होते, कायमचे. अख्ख्या गावाची लग्नं नि बारशी त्यांनी टिपली, पण त्यांचा स्वतःचा धड एक फोटो या स्टुडिओत नव्हता. मुंबईत नाव काढलेला जयवंत तेवढ्यासाठीच आला होता. आज जमलं नाही तर पुन्हा कधी, हा विचार त्याला सकाळपासून कुरतडत होता.

"बरं, मी हललो. आणि ही खुर्ची?"

मास्तरांनी फोटोवर बोट ठेवलं. ते आधी भलतीकडे गेलं, मग जागेवर आलं. खुर्चीच्या पाठीवर मोर कोरलेला होता. फोटोत त्या मोरालाही दोन चोची होत्या.

जयवंतचे कान तापले. हा फोटो त्यानं कितीदा तरी पाहिला होता. दर वेळी मास्तरांनाच पाहिलं होतं.

"खुर्चीलाही कंपवात झाला म्हणायचा," मास्तर म्हणाले. "वाटीभर पाणी आण. ठेव कॅमेऱ्यावर."

"मास्तर, परदेशातून मागवलाय... सांडलं तर?"

"हलायचा नाही म्हणालास ना? मग सांडेल कसं?"

जयवंतनं जीव मुठीत धरून वाटी ठेवली. लांब वायरीचं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या आतला, भिंगामागचा आरसा धाडकन वर उडाला, शटर उघडलं. त्या दणक्यानं वाटीत वर्तुळं उठली, कडेला आपटून परत फिरली.

दोघं पाणी पाहत राहिले. हळूहळू ते निवलं.

"आता?"

"आता थांबलं."

"आणि दिवाळीत तू फोटो कधी काढलास? पाणी थांबायच्या आधी की नंतर?"

 जयवंतची नजर खुंटीवर गेली. तिथं मास्तरांची काळी टोपी लटकत होती.

त्याला मास्तरांच्या हाताखालचे दिवस आठवले. जुन्या पेटी-कॅमेऱ्याचं शटर उघडताना खडखडायचं. मास्तर आधी डोक्यावरची टोपी काढून भिंगासमोर धरत, मग शटर उघडत आणि तसेच उभे राहत. गिऱ्हाईक ताटकळे, पोरं फिदीफिदी हसत. खडखड पार विरली की टोपी अलगद बाजूला. मास्तर गिऱ्हाइकाला नाही, कॅमेऱ्याला टोपी घालतात, अशी गावात थट्टा चाले. जयवंतही हसायचा. मुंबईत गेल्यावर तर त्याला ती टोपी आठवलीसुद्धा नव्हती.

"टोपी घेऊ, मास्तर?"

"घे की. कधीची वाट बघतेय ती."

मास्तर खिडकीपाशी, मोराच्या खुर्चीत बसले. दिवाळीत त्यांनी हात शालीखाली दडवले होते. आज शाल काढून टाकली आणि हात उघडे मांडीवर ठेवले.

"शाल राहू द्या ना..."

"उकडतंय."

जयवंतनं टोपी भिंगासमोर धरली, कॅमेऱ्याला न टेकवता. बटण दाबून धरलं, म्हणजे शटर उघडंच राहील. पाणी थरारलं. तो थांबला... पाणी निवेपर्यंत थांबला. मग टोपी बाजूला केली, पुन्हा समोर धरली आणि बटण सोडलं.

संध्याकाळी दोघं अंधाऱ्या खोलीत उभे होते. तोच लाल दिवा, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा तोच आंबूस वास. ताटलीतल्या कागदावर आधी चष्मा उमटला, मग मिशीचा केस न् केस, मग डोळ्यांशेजारच्या सुरकुत्या. मोराला चोच एकच होती. जयवंतच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मांडी उमटली. हातांच्या जागी नुसती वाफ होती.

"हात हललेत, मास्तर." त्याचा आवाज पडला. "सकाळी गाडीच्या आधी अजून एक काढू. शाल घ्या फक्त..."

मास्तरांनी ओला फोटो दिव्याजवळ नेला. तो त्यांच्या हातात थरथरत होता. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"असू दे रे," ते म्हणाले. "या खेपेला हललोय तो मीच."