टेम्पोचं दुखणं

यंत्रांनाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. नाक्यावर गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये शिरून धूर मोजणारी एक नळी होती. एकदा एक म्हातारा टेम्पो तिच्यापुढे गयावया करू लागला, "ताई, आज आत येऊ नकोस. नापास झालो तर भंगारात जाईन गं!"

नळीला दया आली. ती बाहेरच मोकळ्या हवेत लोंबत राहिली आणि टेम्पो पास झाला.

खुशीत त्याने भसकन धूर सोडला. शेजारच्या शिरीषाच्या झाडावर साळुंकीच्या पिल्लांना ठसका लागला.

"नळीबाई, तू सगळ्यांना तपासतेस ना? मग हा धूर कुणाचा गं?" साळुंकीने विचारलं.

नळीची मान खाली गेली. टेम्पो मात्र हळूच मागे सरकला.

"ये ताई, आत ये," तो म्हणाला. "खोकतायत ती पिल्लं, पण दुखणं माझं आहे."