नदीपलीकडचे सात दगड

फार पूर्वी, आकाशाची राखण पाखरांकडे होती, तेव्हाची गोष्ट. पहाऱ्याच्या थव्यात भरती व्हायचं, तर वय आणि पंख तपासून झाल्यावर शेवटी नजरेची चाचणी असे. कड्यावरून नदीपलीकडचे करडे दगड मोजायचे. उत्तर सात, हे घरट्याघरट्यात पाठ होतं.

त्या दिवशी पाच जण ‘सात’ सांगून निवडले गेले. मग तरुण शिक्रा पुढे आला. त्यानं दगड मोजले. आठ! पुन्हा मोजले, तरी आठच.

“बोल लवकर,” परीक्षक म्हातारा गरुड खेकसला. “चुकलास तर पुन्हा संधी नाही.”

शिक्रा ‘सात’ म्हणणार, इतक्यात आठवा दगड टिटवीच्या अंड्यांकडे सरकला.

“आठ, आजोबा! आठवं रानमांजर आहे!” असं ओरडत त्यानं सूर मारला. डोक्यावर नखं बसताच मांजर झुडपात पळालं. अंडी वाचली.

शिक्रा परतला आणि मान खाली घालून म्हणाला, “उत्तर चुकलं ना माझं?”

गरुड डोळे किलकिले करून बराच वेळ पलीकडे बघत राहिला.

“सात हे मलाही पाठच होतं रे,” तो म्हणाला आणि परीक्षकाच्या जागेवरून खाली उतरला.