रानडुकरिणीचं डोहाळजेवण

डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक राणी होती आणि तिला भांडण म्हणून खपत नसे. सगळ्यांनी गुण्यागोविंदानं राहावं आणि तसं राहताना चारचौघांना दिसावंही, असा तिचा हट्ट. म्हणून तिनं राजवाड्यामागच्या प्राणिबागेतली मधली कुंपणं काढून टाकायला लावली आणि एकाच मोठ्या आवारात रानडुकरीण, भेकराची मादी, तिचं पाडस आणि चार लांडोरी एकत्र सोडल्या.

त्या आवाराची देखभाल एक तरुण राखणदारीण करायची. भारी भित्री. मागून कुणी हाक मारली तरी हातातली घमेली खाली पडायची. पण जनावरांपाशी गेली की तिचा जीव थाऱ्यावर यायचा. तिनं आवाराच्या कोपऱ्यात कुंपणाला एक अरुंद फट ठेवली होती. भेकर त्यातून सहज निसटेल, डुकरिणीचं मात्र नुसतं डोकं अडकेल, एवढीच. पलीकडे गवताचा एक लहानसा तुकडा होता. डुकरीण गुरगुरली की भेकर पाडसाला घेऊन फटीतून पलीकडे जाई, तिचा राग ओसरला की परत येई. लोक म्हणत, "काय बाई मैत्री यांची!" मैत्री वगैरे काही नव्हती. फट होती, म्हणून सगळं ठीक चाललं होतं.

एके दिवशी डुकरीण तोंडात वाळलं गवत धरून फेऱ्या घालू लागली. काटक्या आणल्या, पाला ओढला, झुडपाखाली ढीग रचला. राणीची जुनी दासी ते पाहून खिदळली.

"राणीसाहेब, हिला दिवस गेलेत हो! बघा कशी घर सजवतेय."

राणीला हर्ष झाला. "मग डोहाळजेवण करू या हिचं! आवारातच करू. सगळी जनावरं भोवती, आपण सगळ्या बायका सज्ज्यात. किती गोड दिसेल!"

"करू की," दासी म्हणाली, "पण हिची ओटी कोण भरणार? मला नका बाई सांगू, माझे गुडघे दुखतात."

सगळ्या हसल्या. राखणदारीण हसली नाही. घरटं बांधलेली डुकरीण कशी असते हे तिनं पाहिलं होतं. तेव्हा तिला कुणीच जवळ चालत नाही. माणूस नाही, पाखरू नाही, गेल्या महिन्यात शेजारी झोपलेलं भेकरही नाही.

तेवढ्यात प्रधानजींनी घसा खाकरला. "एक अडचण आहे. मागच्या खेपेला पाहुणे आले, तर ती भेकरं त्या फटीतून पलीकडे जाऊन बसली. पाहुण्यांनी काय बघायचं? शेपट्या?"

"मग बुजवा की ती फट, तेवढ्या दिवसापुरती," राणी म्हणाली आणि राखणदारणीकडे वळली. "का गं, चालेल ना?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिला म्हणायचं होतं, नाही चालणार, राणीसाहेब. पण 'नाही चालणार' हे दोन शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेनात. राणी रागावली असती, तर कदाचित ती बोललीही असती. पण राणी हसत होती, अगदी मायेनं. त्या हसण्यावर पाणी कसं ओतायचं?

"चालेल," ती म्हणाली.

मग स्वतःची समजूत घालत राहिली. एका दुपारचा तर प्रश्न. मी जवळच उभी राहीन. होईल नीट.

डोहाळजेवणाच्या दिवशी फटीवर बांबू ठोकले, वर झेंडूच्या माळा सोडल्या. फट होती हेसुद्धा कळेना, इतकं सुंदर. सज्ज्यात हिरव्या साड्यांची गर्दी झाली, गाणी सुरू झाली. घरट्याजवळ केळीच्या पानावर रताळी आणि गूळ घातलेली ज्वारी मांडली.

गुळाच्या वासानं पाडस पानाकडे आलं.

डुकरीण घरट्यातून उठली.

भेकरानं धोक्याची हाक दिली, तशी एक पाहुणी टाळ्या पिटत ओरडली, "अगं, हे तर कुत्र्यासारखं भुंकतंय!" भेकर पाडसाला ढुसण्या देत कोपऱ्याकडे धावलं, नेहमीच्या जागी, आणि झेंडूच्या माळांवर आदळलं. राखणदारीण किंचाळत बांबू उपटू लागली. बांबू पक्के होते. तिनंच उभं राहून ठोकून घेतले होते. पुढच्या बायका किंचाळल्या. मागच्या बायकांना काही दिसत नव्हतं, त्या गातच राहिल्या.

डुकरिणीच्या धडकेनं पाडस तिथंच मेलं. भेकर कुंपणाला धडका देत राहिलं आणि संध्याकाळी तेही गेलं.

सकाळपर्यंत डुकरीण व्याली. घरट्यात पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं वळवळत होती. राणीचे डोळे रडून सुजले होते.

"इतकं प्रेम दिलं हिला! आणि हिनं हे केलं? भालेकऱ्यांना बोलवा."

राखणदारणीनं तिचे पाय धरले. आता शब्द भडाभडा आले. "तिचा दोष नाही, राणीसाहेब! ती पिल्लांसाठी घाबरली. फट उघडी असती तर कुणी मेलं नसतं. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा काय म्हणालीस तू? सगळ्यांसमोर?"

राखणदारणीनं राणीचे पाय सोडले.

"जनावराला वाचवायला आता काहीही बोलतेय," प्रधानजी म्हणाले. "खरं असतं तर तेव्हाच नसती बोलली?"

सगळ्यांना ते पटलं. ते होतंच पटण्यासारखं.

भालेकरी आले, पण झुडपाखाली शिरायला कुणी धजेना. त्यांचा म्होरक्या राखणदारणीला म्हणाला, "ताई, तुझ्या आवाजाला ती बाहेर येईल. तू हाक मार. नाहीतर आम्हाला लांबूनच घरट्यात भाले टाकावे लागतील. मग पिल्लं वाचायची नाहीत."

तिनं राणीकडे पाहिलं. राणीनं तोंड फिरवलं होतं.

राखणदारणीनं हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला वाटलं, डुकरिणीला ऐकू गेलाच नसेल. पण पाला सळसळला. डुकरीण उठली, पिल्लांना नाकानं आत सारलं आणि रोजच्यासारखी खाणं मिळेल म्हणून तिच्याकडे चालत आली.

या गोष्टीचं तात्पर्य कडू आहे, पण ते असं: 'नाही' म्हणायची वेळ भीतीपोटी घालवली, की नंतर बोललेलं खरं कुणालाच वाचवू शकत नाही, आणि त्या भीतीची किंमत आपण नाही, आपल्यावर विसंबलेला मुका जीव मोजतो.