साहेबाचे शब्द आणि बाईंची ओळ

घाटमाथ्यावरच्या एका छोट्या संस्थानात बर्ट्राम नावाचा इंग्रज साहेब सरकारी नेमणुकीवर आला. आल्या आल्या त्याने हट्ट धरला, की दरबारी गायिका सगुणाबाईंना घरी बसवा आणि इंग्रजी बँड ठेवा.

भर दरबारात तो म्हणाला, "महाराज, तुमच्याकडे एक 'गाणं' म्हटलं की झालं. आमच्याकडे ओठ मिटून गायलं की हम, हळू लाडाने गायलं की क्रून, एका सुरात म्हटलं की चँट, रडत गायलं की सॉब. ज्याचे शब्द जास्त, त्याचं संगीत मोठं."

महाराजांना पक्कं ठाऊक होतं: साहेबाशी वाद म्हणजे गादीशी खेळ.

सगुणाबाईंनी तंबोरा पुढे ओढला. "साहेब, मी एकच ओळ गाते. तिला तुमचा नेमका शब्द द्या. तो चपखल बसला, तर आजच तंबोरा खुंटीला टांगते."

त्यांनी अंगाईची एक ओळ गायली, अगदी हळू.

"क्रून," साहेब लगेच म्हणाला.

"नाही, सॉब," शेजारी बसलेली त्याची बायको, मडम, म्हणाली. तिची लहानगी लेक शिकायला विलायतेत होती. साहेबाने डोळे वटारले, तरी ती शब्द बदलेना.

सगुणाबाई म्हणाल्या, "साहेब, गुणगुणणं, आळवणं, हुंदका, हे शब्द आमच्याकडेही आहेत. पण सगळे एकाच ओळीत आले, की आम्ही त्याला गाणं म्हणतो."

महाराजांनी साहेबाकडे पाहिलं. साहेब मडमेकडे पाहत होता, आणि मडम डोळे पुसत म्हणत होती, "बाई, तीच ओळ पुन्हा एकदा."